अर्धी सिगारेट

यामनाला एचआयव्ही आहे हे अगादीरजवळच्या अन्झात पावाच्या भट्टीवाल्यापासून बांग देणाऱ्या मुअज्जिनपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ती सिगारेट ओढते हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. पहिली गोष्ट लपवायची सोय तिला कुणी ठेवलीच नाही. दुसरी तिने जिवापाड जपली. बाईच्या हातात सिगारेट दिसली की लोक तिच्या अब्रूचा पंचनामा करायला बसतात, आणि यामनाचा एक पंचनामा आधीच होऊन गेला होता.

तो झाला तिचा नवरा गेला तेव्हा. इद्दर त्याचं नाव. आमच्या बोलीत इद्दर म्हणजे 'जगला'. आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली म्हणून त्याच्या आईने हे नाव हौसेने नाही, भीतीने ठेवलं होतं. तो तारल्यांच्या होडीवर असायचा, पार दक्षिणेला दाखला बंदरापर्यंत जायचा, महिनोन्‌महिने यायचा नाही. एका हिवाळ्यात आला तो खोकत आला, आणि पुढचा हिवाळा त्याने पाहिला नाही. औषधं तेव्हा नव्हती. म्हणजे जगात कुठेतरी असतील, अगादीरला नव्हती. यामनाच्या अंगावरचे सुतकाचे पांढरे कपडे उतरायच्या आत तिच्याही रक्ताचा निकाल आला, आणि तिच्याआधी तो जावेला कळला. जावेने भांडण केलं नाही, शिवी दिली नाही. फक्त यामनाचा चहाचा पेला इतर पेल्यांतून उचलला आणि मोरीवरच्या खिळ्याला टांगून ठेवला. यामनाने तो खिळा पाहिला आणि स्वतःचं बोचकं बांधलं. डबाबंद मासळीच्या कारखान्यात ती बारा गावच्या बायकांबरोबर तारल्यांची डोकी मोडायला बसायची. तिथेही बातमी तिच्याआधी पोचली होती. बायकांनी बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली. आठवडाभरात मुकादमीण आदराने 'लल्ला' लावून म्हणाली, "लल्ला यामना, तुझे हात मासळीत नको बाई. आम्हालाही पोरंबाळं आहेत."

सिगारेट तिला दिली ती ज़ुहराने. दवाखान्याच्या आवारात, धुण्याच्या खोलीमागे निलगिरीचं एक झाड होतं, त्याच्या आडोशाला. ज़ुहरा तिझनीतची, घटस्फोटित, हसरी, तोंडाची फटकळ. तिलाही तोच आजार.

"घे," ती म्हणाली. "आपण काय म्हातारपणासाठी छाती राखून ठेवायचीय?"

यामनाने घेतली. पहिल्या झुरक्याला डोळ्यांतून पाणी आलं, आणि कित्येक महिन्यांनी तिला रडायला निमित्त मिळालं.

तेव्हा हा हिशोब बरोबरच होता. मरायचंच होतं. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेली माणसं एकेक करून कमी होत होती. मग औषधं आली. आधी मूठभर गोळ्या, मळमळ आणणाऱ्या, पुढे कमी कमी होत गेल्या. मरण पुढे ढकललं गेलं, मग आणखी पुढे, आणि एके दिवशी दोघींच्या लक्षात आलं की त्या मरत नाहीयेत. केस पांढरे व्हायला लागले होते. निलगिरीच्या आडोशाची सवय मात्र तशीच राहिली. सोडायची कशाला? ज्या वाईट दिवसांत माणसं सोडून गेली, त्या दिवसांत ती टिकली होती.

ज़ुहरा गेली ती एका सकाळी बाजारात, पुदिन्याच्या जुड्या निवडता निवडता. छातीवर हात ठेवून खाली बसली आणि उठली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टर नवालने यामनाला जवळ बसवून घेतलं. "यामना, तिच्या रक्तात विषाणू दिसतसुद्धा नव्हता," ती म्हणाली. "इतकी नेटाने गोळ्या घ्यायची. हृदय गेलं तिचं. सिगारेटने गेलं. ज्यांना हा आजार आहे त्यांना धूर दुप्पट छळतो गं. आम्ही तुम्हाला एका दारातून वाचवतो, तुम्ही दुसऱ्या दारातून जाता."

यामनाने त्याच दिवशी सोडली असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण तसं झालं नाही. ज़ुहराचा चाळीसावा होईपर्यंत तिने पूर्वीपेक्षा जास्त ओढली. मग सोडली, मग धरली, मग सोडली. लवंग दाताखाली धरायची, भोपळ्याच्या बिया फोडत बसायची, लादी पुसलेली असली तरी पुन्हा पुसायची. कधीतरी सुटली. आणि सुटल्यावर ती डॉक्टर नवालकडे जाऊन म्हणाली, "मला लोकांची सिगारेट सोडवायचं काम द्या."

या आजाराच्या माणसांना आधार देणाऱ्या संस्थेची खोली दवाखान्याच्या मागे होती. यामना तिथे आधीपासून सोबतीण म्हणून बसायची. नवा माणूस निकाल हातात घेऊन पांढराफटक होऊन आला की त्याच्या शेजारी बसायचं, स्वतःच्या पांढऱ्या केसांकडे बोट दाखवून म्हणायचं, "हे बघ, अजून आहे मी." आता त्याला हे जोडलं गेलं. ती भाषण करायची नाही. फुप्फुसांची काळी चित्रं भिंतीवर होती, ती तिने उतरवून ठेवली. "ज्याला एकदा मरणाची तारीख सांगून झालीय, त्याला चित्राने काय भीती घालता?" असं ती डॉक्टरला म्हणाली. समोरच्याला ती एवढंच विचारायची : "दिवसातली कुठली सिगारेट काही केल्या सुटणार नाही, ते सांग." आणि मग गप्प बसायची.

काहींची सुटली. पुष्कळांची नाही सुटली. मग आला दा हम्मू.

दा हम्मू पूर्वी होडीवर होता, आता बंदरावर जाळी सांधायचा. उंच, वाळका, खांद्यात वाकलेला, डोक्यावर लोकरीची टोपी, मिशी धुराने पिवळी पडलेली. रक्ताचे निकाल दृष्ट लागण्यासारखे. पण डॉक्टर नवालने नळीत फुंक मारायला सांगितली तर यंत्राचा काटा जेमतेम हलला, आणि पुढचा बराच वेळ त्याला खोकल्याची उबळ आवरेना.

"बस, दा हम्मू," यामना म्हणाली.

"बसतो. पण आधीच सांगतो, उल्तमा, माझ्या बहिणी, मी तुझ्या दारात आलो तो डॉक्टरणीच्या धाकाने. बोलून घे, मी ऐकून घेतो, दोघं आपापल्या घरी जाऊ."

"मी कुठे काय बोलतेय?"

"हेच तर. बोलत नाहीस म्हणून भीती वाटते." तो हसला आणि पुन्हा खोकला. "हे बघ, मौतीचा फरिश्ता अज्राईल एकदा माझ्या दारापर्यंत येऊन गेला. 'चल' म्हणाला. मी म्हटलं, थांब, सिगारेट संपू दे. तो बिचारा वाट बघून निघून गेला. आता तू मला ती विझवायला सांगतेस?"

यामनालाही हसू आलं. "दिवसातली कुठली सुटणार नाही?" तिने विचारलं.

हम्मूने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत घातली. "दुपारची," तो म्हणाला. "अर्धीच असते ती. पण ती नाही सुटणार." आणि उठून गेला.

माणूस एका पूर्ण पाकिटाची बाजू घेत नाही आणि अर्ध्या सिगारेटसाठी अडून बसतो, याचं यामनाला नवल वाटलं. दोन-तीन दिवसांनी मासे घ्यायचं निमित्त करून ती दुपारी बंदरावर गेली.

धक्क्यावर जाळ्यांचे ढीग पसरले होते आणि जाळी सांधणारे जेवायला बसले होते. मधोमध कालवणाचं मातीचं मोठं भांडं, ताजीन, तिच्याभोवती सगळे गोल करून, पाव मोडून एकाच भांड्यात बुडवत, थट्टामस्करी करत. हम्मू त्या गोलात नव्हता. तो हातभर लांब, जाळ्याच्या ढिगाला टेकून, आपल्या डब्यातलं एकटा खात होता. कुणी त्याला हाकललं होतं असं नाही. सगळे त्याच्याशी बोलत होते, तोही विनोद फेकत होता. फक्त हात पोचणार नाही इतकं अंतर होतं, आणि ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं दिसत होतं.

जेवण आटोपलं. गोलातला एक आडव्या बांध्याचा माणूस उठला, हम्मूपाशी येऊन मांडी घालून बसला. हम्मूने सिगारेट पेटवली, अर्धी ओढली आणि त्याला दिली. त्याने ती घेतली, उरलेली अर्धी ओढली. दोघं पाण्याकडे बघत होते.  थोटूक विझल्यावर त्या माणसाने हम्मूच्या गुडघ्यावर थाप मारली आणि कामाला गेला.

यामना मासे न घेताच परतली. जावेच्या मोरीवरचा तो खिळा तिला इतक्या वर्षांनी लखलखीत आठवला. ज्याच्या ताटात कुणी हात घालत नाही, ज्याच्या पेल्याला कुणी ओठ लावत नाही, त्याच्या तोंडची सिगारेट एक माणूस दररोज आपल्या हातात घेतो. आणि ती म्हणणार, ही सोड!

त्या माणसाचं नाव बूजमा. एके काळी हम्मू आणि तो एकाच होडीवर, एकाच तांडेलाच्या हाताखाली. यामनाने त्याला बर्फाच्या कारखान्यापाशी गाठलं. आपण कोण, कुठून आलो, ते आडपडदा न ठेवता सांगितलं. तो आधी उखडला.

"त्याचं जे आहे ते त्याला राहू द्या की, लल्ला. सगळं तर गेलं त्याचं. बायको माहेरी गेली ती गेली. पोर ओळख दाखवत नाही. एक धूर राहिला, त्यावरही तुमचा डोळा?"

"धूर नको म्हणतेय मी. तू नको असं कुठे म्हटलं?"

"म्हणजे?"

"दुपारी त्याच्यासोबत चहा पी. एका पेल्यातून."

 बूजमाने इकडेतिकडे पाहिलं, पायाने बर्फाचा चुरा सारला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही नीट पाहिलं नाहीत, लल्ला."

"काय?"

त्याने हाताची मूठ वळली, दोन बोटांमध्ये सिगारेट धरल्यासारखी केली आणि अंगठ्याकडच्या भोकाला ओठ लावून हवा आत ओढली. "मी असा ओढतो. मुठीतून. ओठ लागत नाहीत." त्याचे कान लाल झाले होते. "त्याचं कळलं तेव्हा माझी धाकटी नुकतीच झाली होती. बायकोने कुराणावर हात ठेवायला लावला. मी म्हटलं, त्याला सोडणार नाही, पण तोंड लावणार नाही. पुढे... पुढे भीती राहिली नाही हो, सवय राहिली. त्याला वाटतं माझी लकबच आहे ती."

यामनाने त्याला दोष दिला नाही. देण्यासारखं होतंही काय? तिने त्याला संस्थेच्या खोलीत नेलं, चहा केला, आपला पेला अर्धा पिऊन बाजूला ठेवला आणि पेल्याने, ताटाने, हस्तांदोलनाने हा आजार जात नाही, ते डॉक्टर नवालकडून त्याला पुन्हा ऐकवलं. तो मान हलवत राहिला. "डोक्याला माहीत आहे," तो म्हणाला. "हाताला समजावायला वेळ लागतो." जाताना मात्र त्याने यामनाचा अर्धा पेला उचलला, डोळे मिटून कडू औषध घ्यावं तसा एका घोटात संपवला आणि निघून गेला.

पुढचं यामनाला नंतर कळलं, ते बंदरावर बघणाऱ्यांच्या तोंडून. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बूजमा किटली घेऊन हम्मूपाशी गेला. पेला एकच. हम्मूने सिगारेट पेटवायला काढली तर हा म्हणाला, "आधी चहा." हम्मूने घोट घेतला, पेला खाली ठेवला. बूजमाने तो उचलला, आणि हम्मूने जिथे ओठ लावले होते तिथूनच प्याला. गोलातली बडबड थांबली. एकजण म्हणाला, "बूजमा, डोकं फिरलं का रे?" बूजमाने पेला पुन्हा भरला आणि त्याला म्हणाला, "तुझी बायको तरी तुझ्या पेल्यातून पिते का रे, बोकडा?" सगळे हसले. हम्मू हसला नाही. तो उठून होड्यांच्या मागे गेला आणि बराच वेळ आला नाही.

संध्याकाळी तो यामनाच्या खोलीच्या दारात उभा. "तूच शिकवलंस ना त्याला?"

"चहा प्यायला कुणी शिकवतं का?"

"मला मूर्ख समजू नकोस, उल्तमा." मग बाही वर सारत, "ती सिगारेट सोडायची पट्टी कुठे लावतात म्हणालीस? दंडावर?"

सोडणं सोपं गेलं नाही. डॉक्टर नवालने खटपट करून आणलेल्या पट्ट्या होत्या तोवर जरा निभावलं. त्या संपल्यावर हम्मूच्या नाकीनऊ आले. गोळी घेतली की सिगारेट, हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की सकाळची गोळी हातात धरून तो खिसे चाचपत बसायचा. यामनाने त्याला सांगितलं, गोळी खोलीत घेऊ नकोस, रस्त्यावर घे, भट्टीवाल्याकडे जाऊन गरम पावाबरोबर घे. मग तो भट्टीवाल्याशी भांडू लागला. जाळ्याच्या गाठी चुकायला लागल्या. एकदा तिलाच म्हणाला, "तू बाई नसतीस ना, तर थोबाडीत दिली असती." ती म्हणाली, "दे. तेवढा वेळ हात रिकामा राहणार नाही." तो हसत सुटला.

एकदा घसरलाही. त्याच्या बहिणीच्या, रक़ियाच्या, मुलीचं लग्न निघालं. बहिणीने बोलावणं पाठवलं, आणि त्याच निरोप्याबरोबर असंही सांगितलं की मांडवात आलास तर बरं, पण पंगतीला बसू नकोस, नवरदेवाकडची माणसं आहेत, तुझं ताट घरी पाठवते. हम्मू मांडवाच्या दारात उभा राहिला, भाचीच्या कपाळाचा मुका लांबूनच हवेत घेतला आणि परतताना पाकीट विकत घेतलं. सकाळी यामनाच्या समोर तो मान खाली घालून बसला, कपड्यांना धुराचा वास.

"किती?" हा प्रश्न तिने विचारलाच नाही. तिने विचारलं, "भाची कशी दिसत होती?"

तो बोलू लागला. हिरवा पोशाख, हातावरची मेंदी, लहानपणी ती त्याच्या खांद्यावर बसून बंदर बघायला यायची ते. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मग नाक पुसून म्हणाला, "चल, पुन्हा पहिल्यापासून."

आणि सुटली. खरंच सुटली. त्या वसंतात तो अन्झाची चढण चढून यामनाच्या घरी यायचा, पूर्वी तीनदा बसायचा तिथे आता एकदाच टेकायचा. येताना ताज्या तारल्या आणायचा, आणि वर ऐकवायचा, "वास येतो मला आता, कळलं? तुझ्या गल्लीचाही येतो. नसता आला तर बरं झालं असतं." बंदरावर दुपारचा पेला चालू राहिला. बूजमाच्या पाठोपाठ एक म्हातारा जाळीवालाही त्यात सामील झाला. बाकीचे नाही झाले. पण ताजीन हातभर पुढे सरकवली गेली, तेवढी.

शरद लागला आणि हम्मूचं वजन उतरायला लागलं. आधी सगळ्यांना वाटलं, सिगारेट सोडली की माणूस अंगाने सुटतो, हा कसा वाळतोय? मग थुंकीत रक्त आलं. डॉक्टर नवालने छातीची तपासणी केली, मोठ्या दवाखान्यात पाठवलं, आणि निकाल आल्यावर यामनाला आत बोलावून दार लावून घेतलं. गाठ जुनी होती. यामनाने त्याला पहिल्यांदा 'बस' म्हटलं, तेव्हाही ती तिथे होतीच.

हम्मूला डॉक्टरणीनेच सांगितलं. तो ऐकून बाहेर आला, यामनासमोरून चालत गेला, मग परत वळला.

"तुला माहीत होतं?"

"नाही रे, दा हम्मू. अल्लाची शपथ."

"मग सोडायला का लावलीस? मरायचंच होतं तर धुराने मेलो असतो, सुखाने. सारा हिवाळा मी कुत्र्यासारखा तडफडलो. तुझ्यासाठी. 'शाबास दा हम्मू' ऐकायला." त्याचा आवाज फाटत होता. बाकावरची माणसं बघत होती. "तू चोर आहेस. माझी शेवटची गंमत चोरलीस."

 श्वास सोपा झाला होता, चढण सोपी झाली होती, हे सगळं यामना म्हणू शकली असती. पण त्याच्या तोंडाकडे बघून हे शब्द तिला पोकळ वाटले.

त्या संध्याकाळी घरी जाताना तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून एक सुटी सिगारेट घेतली. दुकानदाराला वाटलं कुण्या पाहुण्यासाठी असेल. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून तिने ती पेटवली. इतक्या वर्षांनी. चव कडवट लागली, चक्कर आली, तरी तिने ती शेवटपर्यंत ओढली. खाली शेजारणीचं पोर रडत होतं, कुकरची शिट्टी होत होती. यामनाला वाटलं, ज़ुहरा असती तर म्हणाली असती, हात्तिच्या, एवढ्यासाठी?

पुढचे काही दिवस ती संस्थेत गेली नाही. तब्येत बरी नाही असा निरोप धाडला. मग एका दुपारी बूजमाच तिच्या दारी आला. "तो तुम्हाला बोलावतोय," म्हणाला. "रागावलेला नाही. ताकदच नाही रागवायची."

हम्मूची खोली समुद्राकडे उघडायची. गादी भिंतीशी लावलेली, अंगावर पांढऱ्या-तपकिरी पट्ट्यांचं लोकरीचं घोंगडं. तोंडावर नुसती हाडं राहिली होती, आणि मिशी आता पांढरी होती. यामना उशाशी बसली. काही बोलायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "दा हम्मू, मी ओढली. त्या दिवशी. एक."

त्याने डोळे मोठे केले. "तू?"

"हो."

"वा गं वा." तो हसायला गेला आणि खोकल्याने वाकला. बूजमाने पाठ चोळली. श्वास ठिकाणावर आल्यावर तो म्हणाला, "पुन्हा ओढलीस तर याद राख. मी मेल्यावरही येऊन विझवीन. दुसऱ्यांना सोडायला लावते आणि स्वतः गच्चीवर..."

"गच्चीवर हे तुला कसं कळलं?"

"बायका आणखी कुठे ओढणार!"

बूजमा पाणी आणायला बाहेर गेला. हम्मूने मान वळवून दाराकडे बघून घेतलं, मग खालच्या आवाजात म्हणाला, "तो मुठीतून ओढायचा. ठाऊक आहे तुला?"

यामना दचकली. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. बरोबर मोठे झालो आम्ही. त्याने आयुष्यात कधी मुठीतून ओढली नव्हती."

"मग बोलला नाहीस कधी?"

"बोललो असतो तर तो लाजला असता. लाजला असता तर आला नसता."  "चोर म्हणालो ना तुला. ते डोक्यात ठेवू नकोस. चहा चांगला होता, उल्तमा. तेवढं मी प्यालो."

तो आणखी काही आठवडे राहिला. सिगारेट त्याने मागितली नाही. मागितली असती तर यामनाने दिली असती, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. एका पहाटे, नमाजाची बांग होऊन गेल्यावर, बूजमा उशाशी असताना, तो गेला. मय्यत धुणारा माणूस आला, आणि नाव ऐकून उंबऱ्यातच थांबला. डॉक्टरचा कागद आणा, रबराचे मोजे आणा म्हणू लागला. बूजमाने त्याच्या हातातून तांब्या घेतला आणि म्हणाला, "तू फक्त सांग कसं करायचं. करतो मी." जनाज्याला बंदरावरची माणसं आली, वाटलं होतं त्याहून जास्त. मुलगा आला नाही.

खोली रिकामी करायला रक़िया आली, तेव्हा तिने यामनाला सोबत बोलावलं. एकटीने आत जायची तिची छाती झाली नाही. सामान असं नव्हतंच : दोन भांडी, स्टोव्ह, लाकडी सुयांची पिशवी, कपडे. रक़ियाने सगळं डोळ्यांनीच आवरलं, हाताने कशाला शिवली नाही. घोंगड्यापाशी ती थांबली. ते त्यांच्या आईने विणलेलं होतं.

"हे... जाळून टाकायचं ना?" तिने विचारलं. तिचा स्वर कठोर नव्हता, नुसता घाबरलेला होता. "लोक म्हणतात जाळायला पाहिजे."

"जाळू नकोस," यामना म्हणाली. "धुऊन मला दे. मी पांघरीन."

रक़िया ओठ चावत उभी राहिली. यामनाने वाद घातला नाही. घोंगडं खांद्यावर टाकून ती गच्चीवर गेली, मोठ्या परातीत पाणी आणि साबणाचा चुरा टाकला, झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि अनवाणी पायांनी ते तुडवू लागली. ओली लोकर जड. पाणी आधी मातकट झालं, मग करडं. वय झालेल्या बाईला हे काम एकटीने झेपणारं नव्हतं. थोड्याच वेळात ती भिंत धरून धापा टाकू लागली.

रक़िया जिन्याच्या तोंडाशी उभी राहून बघत होती. बघता बघता ती रडायला लागली, मोठ्याने, भावाच्या जनाज्याच्या दिवशीही रडली नव्हती तशी. "पंगतीला बसू नको म्हणाले गं मी त्याला," ती म्हणाली. "आईच्या पोटचा माझा भाऊ, आणि मी त्याला पंगतीला बसू नको म्हणाले."

यामना तिला गप्प करायला गेली नाही. रक़ियाने रडता रडताच चपला काढल्या, झगा वर खोचला आणि परातीत पाय ठेवला. दोघी एकमेकींचे खांदे धरून तुडवत राहिल्या. पाणी तीनदा बदललं. मग दोन टोकांना धरून पिळायला घेतलं, तेव्हा रक़ियाने डोळे बाहीने पुसले आणि आभाळाकडे बघितलं.

"वारा आहे. संध्याकाळपर्यंत वाळेल."

"नाही गं," यामना म्हणाली. "लोकर आहे. दोन दिवस तरी लागतील."